अरब तरुणाई आणि पाश्चात्त्य पॉप : नाशिकमध्ये सहा बैठकांचं अभ्यासमंडळ कसं चालवावं

हे टिपण महाविद्यालयातल्या वाङ्मय मंडळांसाठी, राज्यशास्त्राच्या आणि पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांसाठी आणि रविवारी वाचनालयात जमणाऱ्या गटांसाठी आहे. विषय ऐकायला सोपा वाटतो, म्हणून तयारी न करताच तो घेतला जातो आणि दहाव्या मिनिटाला चर्चा ‘आजकालची मुलं बिघडली’ किंवा ‘मोबाइलने सगळं बदललं’ इथे येऊन अडकते. यावर इलाज एकच. एक देश, एक साल आणि एक वस्तू घ्यायची. ती वस्तू बाहेरून कुणी आणली, तिथल्या पोरांनी तिचं काय केलं, तिला कुणी अडवलं, हे क्रमाने बघायचं. सहाही बैठका या एका शिस्तीवर चालवायच्या आहेत.

गट, जागा, वेळ

गट बारा ते पंधरा जणांचा ठेवा. वीसच्या वर गेलात की मागच्या रांगेतले नुसते श्रोते होतात. दर रविवारी दोन तास, सलग सहा रविवार. विद्यापीठाच्या परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिलच्या आसपास असतात, म्हणून जुलै-ऑगस्ट किंवा डिसेंबर-जानेवारी बरा. जुन्या नाशिकमधून, वडाळ्यातून किंवा मालेगावहून पाहुणे बोलवायचे असतील तर रमजानमध्ये संध्याकाळची वेळ ठेवू नका. इफ्तारच्या वेळेला माणूस बैठकीत बसणार नाही, आणि बसवूही नये. रमजान दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येतो, त्यामुळे मागच्या वर्षाचं वेळापत्रक उचलून लावलं की घोटाळा होतो.

जागेसाठी एचपीटी किंवा केटीएचएमसारख्या महाविद्यालयातला वर्ग उत्तम. नसेल तर १८४० पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय किंवा गंगापूर रोडवरचं कुसुमाग्रज स्मारक, यांच्याकडे स्वतः जाऊन चौकशी करा. फोनवर ‘बघू’ एवढंच उत्तर मिळतं. सभागृह मोठं नको. पंधरा माणसांसाठी दीडशे खुर्च्यांचा हॉल घेतला तर आवाज घुमतो आणि गाण्याचे शब्द कळत नाहीत.

सामान थोडकं पण नेमकं हवं : प्रोजेक्टर, लॅपटॉपला चालणारी एचडीएमआय केबल (नव्या लॅपटॉपला कन्व्हर्टर लागतो, तो आदल्या दिवशीच लावून बघा), आणि दोन स्पीकर. मोबाइलचा छोटा ब्लूटूथ स्पीकर आणू नका. त्यात खर्ज गायब होतो, आणि रॅप किंवा मह्रगानात (इजिप्तच्या वस्त्यांतलं संगणकावर केलेलं लग्नाचं संगीत) ऐकताना खर्जच नसेल तर निम्मं गाणं ऐकलंच नाही असं होतं. चित्रफिती लॅपटॉपवर आधीच उतरवून ठेवा. हॉलच्या वायफायवर आणि त्या वेळच्या विजेवर विसंबू नका. गाण्यांचे आणि कार्यक्रमांचे चार-पाच मिनिटांचे तुकडे अभ्यासासाठी पुरतात. पूर्ण चित्रपट जाहीरपणे दाखवायचा तर हक्कधारकाची परवानगी घ्यावी लागते, त्यामुळे या सहा बैठकांत तो बेत ठेवू नका.

पहिली बैठक : नकाशा आणि सनावळी

पहिला अर्धा तास भिंतीवरच्या नकाशाला द्या. अरब लीग या अरब देशांच्या संघटनेचे सदस्य २२ देश. इराण, तुर्कस्तान, पाकिस्तान, अफगाणिस्तान यांत नाहीत. ही चूक इतकी सर्रास होते की ती पहिल्याच दिवशी निपटलेली बरी. जगातला सर्वांत जास्त मुस्लिम लोकसंख्येचा देश इंडोनेशिया, तोही अरब नाही. उलट बाजूने, प्रत्येक अरब मुस्लिम नसतो : गायिका फैरूझ लेबनॉनमधल्या ख्रिस्ती कुटुंबातली, आणि ‘कौन बनेगा करोडपती’ ज्या ब्रिटिश खेळावरून आला त्याचीच अरबी आवृत्ती गाजवणारा जॉर्ज कोरदाही हाही लेबनीज ख्रिस्ती.

मग नकाशाचे गट पाडा. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया हा मगरिब : इथे फ्रेंच राज्य होतं, आणि पॅरिस-मार्सेलच्या उपनगरांत यांचेच नातेवाईक राहतात, म्हणून रॅप इथे बराचसा फ्रान्समार्गे आला. इजिप्त हा दहा कोटींच्या वर लोकसंख्येचा देश. चित्रपट आणि गाण्याचं जुनं केंद्र, त्यामुळे कैरोची बोली सगळीकडे समजते. लेबनॉन, सीरिया, जॉर्डन, पॅलेस्टाइन हा शाम : वाहिन्यांचे निर्माते आणि डबिंगवाले इथले. आखात : पैसा इथला, वाहिन्यांची मालकी इथली. इराक वेगळा ठेवा, त्याची युद्धांची सनावळी वेगळी आहे.

सनावळीसाठी सहा फूट लांब कागद भिंतीला लावा आणि एवढीच सालं लिहा : १९८५ अरब देशांच्या अरबसॅट संस्थेचा पहिला उपग्रह, १९९१ लंडनहून एमबीसी ही अरबी वाहिनी सुरू, १९९८ इजिप्तचा नाइलसॅट, २००३ पाश्चात्त्य चित्रपट अरबी उपशीर्षकांसह दाखवणारी एमबीसी-२, २०१०-११ ट्युनिशियापासून उठलेली आंदोलनं, २०१२ बैरूतमधून सुरू झालेलं अंघामी हे गाण्यांचं अ‍ॅप, २०१६ अरब देशांत नेटफ्लिक्स, २०१८ सौदीत सिनेमागृहं पुन्हा सुरू. पुढच्या प्रत्येक बैठकीत नवी वस्तू आली की तिची चिठ्ठी या कागदावर डकवायची. हा कागद गुंडाळून जपा. तो हरवला तर चौथ्या बैठकीपासून कालक्रमाचा गोंधळ सुरू होतो आणि नंतर आवरत नाही.

पाच रकान्यांचा तक्ता

ए-४ कागद आडवा धरा, पाच रकाने आखा.

१. काय आलं, कधी, कुठे.
२. कुणी आणलं : वाहिनी, परतलेला विद्यार्थी, नातेवाईक, सरकार, पायरेटेड सीडी.
३. इथे आल्यावर काय बदललं, काय गाळलं, काय तसंच ठेवलं.
४. हरकत कुणी घेतली : सरकार, धर्मगुरू, संगीतकारांची संघटना, आई-वडील, की खुद्द चाहते.
५. पुढे त्याचं काय झालं.

तिसरा रकाना सर्वांत मोठा ठेवा. बहुतेकांची चूक अशी होते की पहिला रकाना भरला की काम झालं असं वाटतं. ‘मोरोक्कोत रॅप लोकप्रिय आहे’ ही माहिती झाली, तक्ता अजून रिकामाच आहे.

हात बसण्यासाठी तक्ता आधी जवळच्या गोष्टीवर भरून घ्या. आपल्या जिल्ह्यात यासाठी मालेगाव आहे. तिथे बनलेला ‘मालेगाव का सुपरमॅन’ हा चित्रपट घ्या : नायक अमेरिकी कॉमिकमधला, भूमिका करणारा तरुण यंत्रमागावर काम करणारा, भाषा आणि विनोद मालेगावचे. वीस मिनिटांत पंधरा तक्ते भरून होतात, आणि ‘नक्कल’ एवढ्या एका शब्दात हे बसत नाही हे सगळ्यांच्या ध्यानात येतं. आता अरब जगाकडे वळा.

दुसरी बैठक : टीव्ही

इथे एक वस्तू बारकाईने उघडून बघा : ‘अल-शमशून’. २००५ च्या रमजानमध्ये एमबीसीने ‘द सिम्पसन्स’ ही अमेरिकी व्यंगमालिका अरबीत आणली. मालिकेतल्या होमर या बापाचा उमर झाला, त्याच्या बार्ट या मुलाचा बद्र. उमरला आवाज दिला इजिप्तचा लोकप्रिय विनोदी नट मोहम्मद हेनेदी याने. होमरची बिअर जाऊन तिथे साधं शीतपेय आलं, डोनटच्या जागी कहक ही ईदला करतात ती गोड बिस्किटं, दारूच्या गुत्त्यातले प्रसंग गेले. वाहिनीने ५२ भागांची तयारी केली होती, दाखवले ३४.

तक्ता भरताना गट हमखास चौथ्या रकान्यात ‘धर्मगुरूंनी विरोध केला’ असं लिहितो. थांबवा आणि पुरावा मागा. इथे सर्वांत मोठी तक्रार चाहत्यांची होती. उपग्रह वाहिन्यांवर मूळ मालिका उपशीर्षकांसह आधीच पाहिलेली तरुण मुलं म्हणत होती की बिअर आणि गुत्ता काढलात तर आळशी, खादाड, तरीही बायकोपोरांवर जीव लावणाऱ्या बापाची टिंगलच उरत नाही. मोठ्यांसाठी लिहिलेली टवाळी पोरांच्या कार्टूनसारखी विकायला काढली, हे त्यांचं दुखणं. या एका उदाहरणावर चाळीस मिनिटं द्या. गाळणं म्हणजे आपलंसं करणं नव्हे, हा फरक इथे जितका स्वच्छ दिसतो तितका पुढे कुठे दिसत नाही.

रमजान का, असा प्रश्न येईल. इफ्तारनंतर सगळं घर टीव्हीसमोर असतं, आणि तीस दिवसांच्या तीस भागांच्या मालिका याच महिन्यासाठी बनतात. वाहिन्यांचा सर्वांत मोठा हंगाम हाच.

उरलेल्या वेळात स्पर्धांचे कार्यक्रम घ्या, पण जोडी लावून. २००३ मध्ये ब्रिटिश ‘पॉप आयडॉल’च्या साच्यावर बैरूतच्या फ्यूचर टीव्हीने ‘सुपरस्टार’ काढला. प्रेक्षकांच्या मतांवर जॉर्डनची डायना करझोन जिंकली, आणि त्याआधी लेबनॉनचा स्पर्धक बाद झाला तेव्हा स्टुडिओत गोंधळ उडाला होता. २००४ मध्ये ‘बिग ब्रदर’ची अरबी आवृत्ती बहरीनमध्ये सुरू झाली. मुलामुलींच्या झोपायच्या खोल्या वेगळ्या, नमाजाच्या खोल्याही वेगळ्या, तरीही निदर्शनं झाली आणि काही दिवसांत कार्यक्रम गुंडाळावा लागला. त्याच हंगामात लेबनॉनची ‘स्टार अकॅडमी’ मात्र जोरात चालली, आणि तीही कॅमेऱ्यांनी भरलेल्या घरातच. गटाला विचारा : घर सारखं, कॅमेरे सारखे, मग एक बंद आणि दुसरा वर्षानुवर्षं चालू, असं का? उत्तराची दिशा अशी. एका घरात गाणं शिकण्याचं काम होतं आणि कार्यक्रम लेबनॉनमध्ये घडत होता. दुसऱ्या घरात नुसतं एकत्र राहणं होतं आणि तेही आखाती देशाच्या भूमीवर. ‘अरब समाजाला रिअ‍ॅलिटी शो चालत नाही’ हे विधान इथेच मोडीत निघतं. २०१३ चा ‘अरब आयडॉल’ गाझाचा मोहम्मद असाफ जिंकला. साचा परका, पण त्याने गायलेली गाणी पॅलेस्टाइनची. ती चिठ्ठीही सनावळीवर लावा.

घरी करायला एक छोटा तक्ता द्या : सीरियातल्या कंपनीने २००३ मध्ये आणलेली, अबाया आणि हिजाब घालणारी ‘फुल्ला’ बाहुली. बार्बीच्या मापाची, पण बाहेरचे आणि घरातले कपडे वेगळे. याच साली सौदीच्या धार्मिक पोलिसांनी बार्बीविरुद्ध मोहीम उघडली होती, ही नोंद शेजारी ठेवा.

तिसरी आणि चौथी बैठक : गाणी

घाईत उरकली तर सर्वांत आधी बिघडणारी बैठक ही. एका बैठकीत दोन गाणी, जास्तीत जास्त तीन. एका गाण्याला पस्तीस ते चाळीस मिनिटं लागतातच, कारण ते तीनदा ऐकायचं.

पहिल्यांदा डोळे मिटून, शब्दांशिवाय. कागदावर फक्त एवढं : वाद्यं कोणती, किती भाषा कानावर पडल्या, ध्रुवपद कितीदा आलं, आवाज चिडलेला की विनवणारा. दुसऱ्यांदा शब्दांसह. यासाठी दोन रकान्यांचा कागद आधी तयार ठेवा : डावीकडे अरबी उच्चार देवनागरीत, उजवीकडे मराठी अर्थ. बारा-सोळा ओळी पुरेत, अख्खं गाणं नको. तिसऱ्यांदा सनावळीकडे तोंड करून : हे गाणं आलं त्या महिन्यात त्या देशात काय चाललं होतं?

पहिलं गाणं ‘डाम’ या गटाचं घ्या. इस्रायलमधल्या लोद शहरातले पॅलेस्टिनी तरुण : तामेर आणि सुहैल नफार हे भाऊ आणि महमूद जरेरी. त्यांचं ‘मीन इरहाबी’, म्हणजे ‘दहशतवादी कोण’, २००१ मध्ये इंटरनेटवरून पसरलं. तामेर नफारने इंग्रजी आणि रॅप दोन्ही शिकताना अमेरिकी रॅपर टुपाकला कान लावले होते. पण नंतर हा गट अरबी, हिब्रू आणि इंग्रजी तिन्ही भाषांत गाऊ लागला, आणि कुठली ओळ कुठल्या भाषेत, म्हणजे कुणाला उद्देशून, हा तिसऱ्या रकान्याचा मुद्दा आहे.

दुसरं ट्युनिशियाचं ‘रईस लेब्लाद’. स्फाक्स शहरातला हमादा बेन अमोर, टोपणनाव एल जनराल, वय तेव्हा एकवीस. नोव्हेंबर २०१० मध्ये त्याने हे फेसबुकवर टाकलं. व्हिडिओची सुरुवात राष्ट्राध्यक्ष बेन अली शाळेतल्या एका मुलाशी बोलतात त्या जुन्या चित्रफितीने होते, आणि मग रॅपर त्याच राष्ट्राध्यक्षांना थेट उद्देशून जनतेची गाऱ्हाणी मांडतो. इथे तारखा काटेकोर लावा. गाणं नोव्हेंबरमध्ये. सिदी बूझिदचा फेरीवाला मोहम्मद बुअझिझी याने स्वतःला पेटवून घेतलं १७ डिसेंबर २०१० ला. एल जनरालला अटक जानेवारी २०११ च्या पहिल्या आठवड्यात, काही दिवसांत सुटका. १४ जानेवारीला बेन अली देश सोडून गेले. गाणं आंदोलनाच्या आधीचं आहे, म्हणून ‘रॅपने क्रांती केली’ असं लिहायचा मोह होतो. लिहू नका. बेकारी, महागाई, पोलिसांचा जाच ही कारणं गाण्याआधीपासूनची. गाण्याने ती मोठ्याने आणि नाव घेऊन बोलायची हिंमत दाखवली. एवढं म्हणता येतं, आणि एवढंही पुष्कळ आहे.

याच ठिकाणी कुणीतरी म्हणेल की अरबांकडे असलं काही नव्हतंच, अमेरिकेने दिलं. लेबनॉनचा ‘झजल’ सांगा : दोन शाहीर समोरासमोर बसून तालावर आयत्या वेळी रचलेल्या कडव्यांनी एकमेकांना हाणतात. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्याची बैठक डोळ्यांसमोर आणली की झजल लगेच कळतो. शब्दांच्या चकमकीची सवय कानाला होतीच, म्हणून रॅप तिथे इतक्या सहज रुजला.

चौथ्या बैठकीत दोन देशी संगीतप्रकार घ्या, ज्यांना परकी यंत्रं मिळाली. अल्जीरियाचं राय : ओरानच्या गल्ल्यांतलं गाणं, सिंथेसायझर आणि ड्रम मशीनने तरुणांचं झालं. खालेदचं १९९२ चं ‘दीदी’ आपल्याकडेही गाजलं. ते वाजवलंत की घरचे काका-मामाही मान डोलावतील. पण त्याच प्रकारचा लाडका गायक शेब हसनी याची १९९४ मध्ये ओरानमध्ये हत्या झाली, यादवी ऐन भरात असताना. २०२२ मध्ये राय युनेस्कोच्या वारसा यादीत गेलं. इजिप्तचं मह्रगानात : कैरोच्या कडेच्या वस्त्यांत, लग्नाच्या मांडवात, साध्या संगणकावर आणि ऑटोट्यूनवर (आवाजाचा सूर यंत्राने बदलणारी सोय) तयार झालेलं. फेब्रुवारी २०२० मध्ये कैरो स्टेडियमवर हसन शाकूशने ‘बिंत अल-गीरान’ गायल्यावर संगीतकारांच्या संघटनेने या गायकांना जाहीर कार्यक्रमांतून बंदी घातली. संघटनेचे अध्यक्ष होते जुन्या घराण्याच्या भावगीतांचे गायक हानी शाकेर. इथली हरकत मुख्यतः ‘अभिरुची’ची, आणि ती घेणारे स्वतः गायक. चौथा रकाना प्रत्येक वेळी वेगळा भरतो, हे गटाने स्वतः बघितलं पाहिजे. त्यांना ते तुम्ही सांगून टाकू नका.

हेवी मेटलला दहा मिनिटं पुरेत. १९९७ मध्ये इजिप्तमध्ये शंभरच्या आसपास मेटलप्रेमी ‘सैतानपूजक’ म्हणून पकडले गेले. २००३ मध्ये कासाब्लांकात चौदा जणांना शिक्षा झाल्या आणि बहुतेक जण अपिलात सुटले. काळे टी-शर्ट आणि कवट्यांची चित्रं हा ‘पुरावा’ कसा झाला, यावर बोला.

पाचवी बैठक : सौदी, आणि जे पाश्चात्त्य नाही ते

सौदीत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून सिनेमागृहं नव्हती. डिसेंबर २०१७ मध्ये बंदी उठल्याची घोषणा झाली आणि १८ एप्रिल २०१८ ला रियाधमध्ये ‘ब्लॅक पँथर’ने पडदा उघडला. यावरून ‘तोपर्यंत सौदी मुलांनी सिनेमा पाहिलाच नव्हता’ असं लिहिणारा विद्यार्थी दर वर्गात एक असतो. घरी व्हिडिओ कॅसेट होत्या, छतावर डिश होती, आणि १९८६ मध्ये खुल्या झालेल्या किंग फहद पुलावरून गाडीने बहरीनला जाऊन लोक सिनेमा पाहत होते.

जवळून बघायला २०१३ चा एक व्हिडिओ घ्या. ऑक्टोबर महिन्यात स्त्रियांच्या गाडी चालवण्याच्या मोहिमेच्या दिवशी हिशाम फकीह या सौदी विनोदवीराने बॉब मार्लेच्या ‘नो वुमन, नो क्राय’ या प्रसिद्ध गाण्याचं विडंबन यूट्यूबवर टाकलं, ‘नो वुमन, नो ड्राइव्ह’. वाद्य एकही नाही. शिट्टी, टाळी, तोंडाने काढलेले आवाज. संगीत निषिद्ध मानणाऱ्यांची आणि गाडीबंदीचं समर्थन करणाऱ्यांची टोपी एकाच वेळी उडवलेली. परकी चाल, स्थानिक नियम, आणि त्या नियमाचंच वाद्य केलेलं. तिसरा रकाना इथे काठोकाठ भरतो.

२०१६ पासून मात्र सौदीत करमणूक आणणारा हात सरकारचा आहे : धार्मिक पोलिसांचा अटकेचा अधिकार काढला, करमणुकीसाठी सरकारी प्राधिकरण नेमलं, २०१९ मध्ये रियाधला मोठा संगीत महोत्सव सुरू केला. दुसऱ्या रकान्यात ‘सरकार’ आलं की प्रश्न बदलतात. जून २०१८ मध्ये स्त्रियांना गाडी चालवायची मुभा मिळाली, पण त्याच्या महिनाभर आधी या हक्कासाठी लढणाऱ्या काही स्त्रियांना अटक झाली. या दोन नोंदी सनावळीवर शेजारी-शेजारी लावा. मैफिली वाढल्या म्हणजे बोलायची मोकळीकही वाढली, असं समजायचं कारण नाही.

शेवटचा अर्धा तास गटाचा गैरसमज दूर करायला ठेवा : परकं ते सगळं पाश्चात्त्य नव्हे. अरब मुलांच्या दोन पिढ्या जपानी कार्टूनवर वाढल्या. ‘ग्रेंडायझर’चं डबिंग लेबनॉनमध्ये झालं, पुढे स्पेसटून वाहिनीने तेच मोठ्या प्रमाणावर केलं. २००८ मध्ये ‘नूर’ ही तुर्की मालिका सीरियन बोलीत डब होऊन घरोघर पाहिली गेली. त्याच वर्षी झी अफलाम सुरू झाली, हिंदी चित्रपट अरबीत. ऑक्टोबर २०१९ मध्ये रियाधच्या स्टेडियमवर गर्दी जमवली ती कोरियाच्या बीटीएस या गायकगटाने. ज्यांच्या अहवालात हॉलिवूडशिवाय काहीच नाही, त्यांना परत पाठवा.

शोधायचं कसं, विचारायचं कुणाला

नावं अरबी लिपीत शोधा; भाषांतर अ‍ॅपमधून अरबी नाव उचलून शोधखिडकीत टाकलं की दहापट साहित्य हाती लागतं. तरुण मुलं गप्पांत अरबी रोमन अक्षरांत लिहितात आणि जे ध्वनी रोमनमध्ये नाहीत त्यांना आकडे वापरतात : अलिफवरच्या हमझासाठी २, ‘ऐन’साठी ३, घशातल्या ‘हा’साठी ७. व्हिडिओखालच्या प्रतिक्रियांत शब्दाच्या मधोमध आकडा दिसला तर तो टंकनदोष नाही.

यंत्राचं भाषांतर वृत्तपत्रावर बरं चालतं, गाण्यावर फसतं. गाणी बोलीत असतात; मोरोक्कोच्या बोलीत तर फ्रेंच आणि अमाझिग (तिथल्या मूळ लोकांच्या भाषेतले) शब्द मिसळलेले. दोन वेगळी भाषांतरं शेजारी ठेवा. जिथे ती जुळत नाहीत ती ओळ कागदावरून काढून टाका.

अरबी जाणणारी माणसं नाशिक आणि मालेगावच्या मदरशांत आहेत, पण ती ग्रंथांची अरबी शिकलेली असतात. मौलाना साहेबांकडे कैरोच्या लग्नातलं गाणं घेऊन गेलात तर त्यांनाही अवघडल्यासारखं होईल आणि अर्थही लागणार नाही. त्यांच्याकडे वृत्तपत्राचा मथळा, संघटनेचं निवेदन, एखादा फतवा न्या. तिथे त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगणार नाही. दुबई, मस्कत, कुवेतला नोकरी करून आलेल्यांची अरबी कामापुरती असते, पण त्यांनी पाहिलेलं फार मोलाचं. त्यांना ‘काका, तिकडचे लोक कसे असतात?’ असं विचारू नका. उत्तर ठोकळ येतं. ‘तुमच्या दुकानात कुठला रेडिओ लागायचा? रमजानमध्ये मालकाची मुलं टीव्हीवर काय बघायची? गुरुवारी रात्री मॉलमध्ये कोण असायचं?’ असं विचारा. साल आणि शहर लगेच टिपून घ्या. ध्वनिमुद्रणाआधी परवानगी घ्या आणि अहवालात नाव घालू नका.

आकडेवारीसाठी अरब बॅरोमीटर हा अभ्यास प्रकल्प २००६ पासून अनेक देशांत मुलाखती घेतो आणि त्याची माहिती फुकट उतरवता येते. दुबईतल्या जनसंपर्क कंपनीचं वार्षिक युवा सर्वेक्षणही खूप उद्धृत होतं. ते १८ ते २४ वयाचं आहे, हे विसरून ‘अरबांना वाटतं’ असं लिहिलं जातं. कुठलाही आकडा घेण्याआधी तीन गोष्टी पाहा : वय, शहर की खेडं, आणि फक्त नागरिक विचारले की रहिवासीही. संयुक्त अरब अमिरातीत रहिवाशांतले जवळपास नऊ-दशांश परदेशी आहेत. हा तिसरा प्रश्न टाळलात तर केरळ आणि फिलिपिन्सच्या माणसांची आवड अरबांच्या नावावर जमा होते.

अरबी मजकूर छापताना फाइल पीडीएफ करूनच झेरॉक्सवाल्याकडे द्या. जुन्या डीटीपीत अक्षरं सुटी होतात आणि ओळ डावीकडून सुरू होते. वाचता येणाऱ्याला ते कागद निरुपयोगी.

चर्चा भरकटली तर

ती भरकटणारच, आणि बहुधा इथल्या हिंदू-मुस्लिम राजकारणाकडे. सूत्रधाराने वाद मिटवायला बसू नये. ‘हे कुठल्या रकान्यात लिहू?’ एवढंच विचारावं. रकाना सापडला तर मुद्दा लिहून घ्या, नाही सापडला तर फळ्याच्या कोपऱ्यात टाका आणि पुढे चला. पाहुणे मुस्लिम असतील तर त्यांना साऱ्या अरब जगाचे प्रतिनिधी करून प्रश्न विचारू देऊ नका. नाशिकच्या माणसाला रियाधचा जाब विचारणं अन्यायाचं आहे, आणि त्यानंतर तो पाहुणा परत येत नाही.

सहावी बैठक : लिहिणं

प्रत्येकाने एकाच वस्तूवर पंधराशे शब्द लिहायचे. पहिल्या परिच्छेदात देश, साल, वस्तू आलीच पाहिजे. ‘अरब तरुण पाश्चात्त्य संस्कृतीच्या आहारी गेले आहेत’ हे वाक्य कुणाच्याही मसुद्यात दिसलं तर त्याखाली लाल रेघ मारा आणि असं लिहायला लावा : ‘२००५ च्या रमजानमध्ये एमबीसीने अमेरिकी मालिकेतली बिअर काढून शीतपेय घातलं, आणि मूळ मालिका पाहिलेल्या तरुणांनी त्यावर नाराजी दाखवली.’ मसुदे जोडीने बदलून वाचा. वाचणाऱ्याने फक्त दोन खुणा करायच्या, जिथे साल नाही तिथे एक आणि जिथे ‘सगळे’, ‘नेहमी’, ‘कधीच’ आलं तिथे दुसरी. पहिल्या फेरीत पानावर दहा-बारा खुणा पडतात, दुसऱ्या फेरीत तीन-चार.

ज्यांच्याशी बोललात त्या पाहुण्यांना त्यांच्याविषयीचा मजकूर छापण्याआधी वाचून दाखवा, आणि ते म्हणतील ती ओळ काढा. मग सगळे तक्ते, सनावळीचा कागद आणि लेख एका फाइलमध्ये बांधून एक प्रत वाचनालयात द्या. पुढच्या वर्षीच्या गटाला पहिल्या बैठकीचा अर्धा वेळ वाचेल.